सव्वा मूठ

माझा राग शाळेत चालून गेला. तीस वर्षं मी मुलांना विज्ञान शिकवलं आणि छडी न उचलता नुसत्या डोळ्यांवर वर्ग शांत ठेवला. घरात मात्र त्या रागाला कोणी कधी भीक घातली नाही. आमचे हे तर मी रागावले की टीव्हीचा आवाज कमी करून "हं, बोल" म्हणतात आणि माझं बोलून झालं की पुन्हा वाढवतात. माझा राग पाण्यावरच्या रेघेसारखा आहे, उमटला की पुसला, असं मी सगळ्यांना सांगत आले. एकदाच तो पुसला गेला नाही. चार वर्षं राहिला, आणि कोणावर होता म्हणाल, तर मला सासरी पहिल्यांदा हसवणाऱ्या माणसावर.

मी मूळची बोदवडची. आमच्याकडची बोली वेगळी, जेवणखाण वेगळं, देवही थोडे वेगळे. लग्न होऊन धुळ्याकडच्या गावात आले तेव्हा इथली अहिराणी माझ्या कानावरून नुसती वाहून जायची. सासूबाई, म्हणजे अक्का, काहीतरी मागायच्या आणि मी भलतंच आणून द्यायची. तिसऱ्या दिवशी चुलीमागे तोंड लपवून रडत बसले होते, तेवढ्यात धाकटे दीर आत आले. तेव्हा ते कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, माझ्याहून तीनच वर्षांनी लहान. दारातच उभं राहून त्यांनी विचारलं, "वहिनी, तुले अहिरानी येस का?"

मी मानेनंच नाही म्हटलं.

"मंग रडशी कोनती भाषामा?"

मला रडता रडता हसू फुटलं. त्या दिवसापासून ते माझे भाऊ झाले. मी त्यांना भाऊच म्हणायची, आणि अहो-जाहो पहिल्याच महिन्यात गळून पडलं. दुपारी ओसरीवर बसून तो मला एकेक शब्द शिकवायचा आणि त्यात दोनचार मुद्दाम चुकीचे घुसवायचा. त्याच्या भरवशावर मी एकदा चुलत सासऱ्यांना जेवायला बोलवायला गेले आणि काय बोलून आले ते इथे लिहिण्यासारखं नाही. चुलत सासरे भले माणूस, हसत जेवायला आले.

पहिल्याच श्रावणात घरात कानबाई बसली. माझ्या माहेरी ती नव्हती, म्हणून मला सगळंच नवं. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसते. देवी म्हणजे पिढ्यान् पिढ्या जपलेला नारळ. त्याला डोळे, नथ, साज, ओढणी, सगळा नवरीचा थाट करायचा. सोमवारी ती वाजतगाजत नदीवर जाते. पण आमच्याकडे या सणाचा खरा जीव रोटात असतो. घराण्यात जितके पुरुष, अगदी पाळण्यातल्या पोरापासून अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यापर्यंत, त्या प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजायचा. तो गहू धुतलेल्या चक्कीवर दळून आणायचा आणि त्या पिठाच्या खापरावरच्या पुरणपोळ्या, म्हणजेच रोट, सगळ्या भाऊबंदांनी एका पंगतीत खायच्या. वर्षभर बांधावरून एकमेकांच्या जिवावर उठलेले चुलतभाऊ त्या दिवशी मांडीला मांडी लावून बसलेले मी पाहिले आहेत. मंगळवारपासून पुन्हा बांधावर, हा भाग वेगळा.

गहू मोजण्याचं काम घरातल्या मोठ्या बाईचं. अक्का सूप मांडीजवळ घेऊन बसत, कोठीत हात घालत, नाव घेत आणि मूठ सुपात सोडत. मी शेजारी बसून बघत होते. सव्वा मूठ म्हणजे नक्की किती, हा प्रश्न माझ्यातल्या बी.एस्सी.ला गप्प बसू देईना. मी विचारलं, तर अक्का म्हणाल्या, "मूठ भर, मंग चिमूटभर आखो टाक. चिमूट देवनी."

त्यांनी मला दोन नियम सांगितले. पहिला, "जवलोंग माणूस जित्ता शे, तवलोंग त्यानी मूठ पडालेच जोयजे." माणूस जिवंत आहे तोवर त्याची मूठ पडलीच पाहिजे. तो सुरतेत असो, तुरुंगात असो, भांडून गेलेला असो. माणूस गेला की मगच त्याची मूठ थांबते. दुसरा नियम, "सूपमा पडनी ती मूठ देवनी व्हयनी. परत काढानी नही." सुपात पडलेले दाणे देवीचे झाले, ते पुन्हा कोठीत जात नाहीत. एकदा मोजता मोजता अक्कांनी एकाच पुतण्याचं नाव दोनदा घेतलं. मी म्हटलं, काढून घेऊ का एक? त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की वर्ग शांत ठेवायला मी कोणाकडून शिकले, हे तुम्हाला सांगायला नको.

वर्षं गेली. आम्ही धुळ्यात देवपूरला घर केलं, भाऊ सुरतेला कापडाच्या कारखान्यात लागला, त्याचं लग्न झालं, मुलगा झाला. दरवर्षी कानबाईला तो सुरतेची नानखटाई घेऊन यायचा, डबा थेट माझ्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "बठ्ठासले नको दाखाडू, तूच खाय." सगळ्यांना दाखवू नको. आम्ही दोघं मग स्वयंपाकघराच्या दारामागे लपून नानखटाई खायचो. मी तेव्हा चाळीस ओलांडली होती, हेही सांगून टाकते.

अक्कांचं कमरेचं दुखणं वाढलं तशा त्या आमच्याकडे देवपूरला आल्या. दोन वर्षं राहिल्या. कुरकुर केली नाही, पण शेवटच्या वर्षी त्यांनी एक धोशा लावला. "एकडाव माले गाव दखाड वं." गाव आमच्यापासून गाडीनं तासाभरावर. त्यांना फक्त घराचा ओटा, दारातला लिंब आणि जमलं तर नदी बघून यायचं होतं. मार्चचे दिवस होते. माझ्याकडे बोर्डाच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले होते. मी म्हटलं, "अक्का, एवढे पेपर तपासून होऊ द्या. मग निवांत जाऊ, दोन दिवस राहू."

त्या दिवशी दुपारी त्या माझ्यासमोर खुर्चीत बसून होत्या. मी लाल पेन घेऊन खाली मान घातलेली. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आखो कितला शेतंस?" अजून किती राहिलेत? मी मान वर न करता म्हटलं, "खूप आहेत हो."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अक्का गेल्या. गठ्ठे मी त्याच्या दोनच दिवस आधी जमा केले होते.

उत्तरकार्याच्या दिवशी गावच्या घरी सगळे जमले होते. जेवणं झाली होती, बाया भांडी आवरत होत्या, पुरुष ओसरीवर बसले होते. मी पाण्याची घागर घेऊन दारात आले आणि भाऊचा आवाज ऐकला. लिंबाकडे बघत तो सगळ्यांसमोर म्हणाला, "अक्काले गाव देखानं व्हतं. कोन्हीच लई गयं नही."

कोणीच नेलं नाही. आता 'कोणीच' म्हणजे कोण? अक्का राहत होत्या कोणाकडे? मला वाटलं, ओसरीवरची सगळी डोकी माझ्याकडे वळली. खरं तर कोणी वळलं नव्हतं, पण ते मला आज कळतंय. मी घागर तिथेच ठेवली आणि आत गेले. तेहतीस वर्षांच्या मायेवर त्या एका वाक्यानं बोळा फिरवला, असं मी मनाशी ठरवून टाकलं. ठरवायला वेळ लागला नाही, कारण त्याचं वाक्य खरं होतं. खोटं असतं तर मी तिथल्या तिथे भांडून मोकळी झाले असते.

त्या श्रावणात दुःखाचं वर्ष म्हणून कानबाई बसली नाही. वर्षभर आमचं बोलणं सणावारी, तेही ह्यांच्या फोनवरून, "कशी शेस?" "बरी आहे," एवढ्यावर आलं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो रोज सकाळी फुलांचे फोटो टाकायचा आणि मी सोडून सगळे त्याला हात जोडायचे.

मग पुढचा श्रावण आला. आता घरातली मोठी बाई मी. शनिवारी गावच्या घरी सूप घेऊन बसले. घराण्यात तेव्हा एकवीस पुरुष होते. एकेकाचं नाव घेत मूठ सोडत गेले. भाऊचं नाव आलं. तो येणार की नाही, काही कळवलं नव्हतं. ह्यांनी विचारलं होतं, तर "दखू", बघू, एवढंच म्हणाला होता. आणि माझ्या मनात उसळलं, ज्याला आपण कोणी नाही, त्याची मूठ आपण का मोजायची?

मी त्याचं नाव गाळलं. त्याच्या मुलाचंही गाळलं. एकोणीस मुठी मोजल्या आणि सूप उचललं. कोणी पाहिलं नाही, मोजणाऱ्या बाईच्या मुठी कोणी मोजत नाही. गहू चक्कीवर गेला, पीठ होऊन आला.

रविवारी दुपारी पंगत बसायच्या ऐन वेळी भाऊ दारात उभा. बायको, मुलगा, हातात नानखटाईचा डबा. डबा त्यानं माझ्यापुढे धरला. मी तो घेतला आणि सगळ्यांदेखत चुलत जावेच्या हातात दिला. त्याचा चेहरा उतरला. पाय धुऊन पंगतीत बसला.

वाढायला मीच होते. त्याच्या ताटात पहिली पुरणपोळी टाकली आणि अक्कांचा नियम आठवला. माणूस गेला की मगच त्याची मूठ थांबते. म्हणजे मी काय केलं होतं? जिवंत माणसाला, त्याच्या पंधरा वर्षांच्या पोरासकट, गेलेल्यांच्या यादीत बसवलं होतं. आणि तो समोर बसून तूप मागत होता. पोरगा तिसरी पोळी मागत होता. "वहिनी, औंदा रोट गोड व्हयनात," तो म्हणाला. मी हूं केलं आणि खीर आणायच्या निमित्तानं आत पळाले.

त्याच हिवाळ्यात सुरतेत एका टेम्पोनं त्याच्या स्कूटरला उडवलं. उजव्या पायात सळई घालावी लागली.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. मीही तेच म्हटलं. तीस वर्षं मुलांना कार्यकारणभाव शिकवला. सुपात न पडलेल्या गव्हाचा आणि सुरतेतल्या टेम्पोचा काहीही संबंध नाही, हे मी फळ्यावर आकृती काढून सिद्ध करू शकते. पण आकृती फळ्यावर राहते आणि माणूस घरी येतो. ह्यांनी बॅग भरली, म्हणाले, चल. मी म्हटलं, शाळेत तपासणी आहे. तपासणी नव्हती. त्याच्या पायाकडे बघायची माझी हिंमत नव्हती. हे एकटेच जाऊन आले. आल्यावर म्हणाले, "तो सारखा विचारत होता, वहिनी नही उनी? मी म्हटलं, शाळा." आणि टीव्ही लावला.

आता यातली गंमत बघा. गुन्हा माझा, पण राग त्याच्यावर वाढत गेला. त्याचा विषय निघाला की मी त्याच्या चुका काढायची. बोलतो फार, फोटो काय टाकतो, मुलाला डोक्यावर बसवलंय. ज्याचं आपण वाईट केलं त्याच्यात खोट सापडली की जिवाला तेवढंच बरं वाटतं. पुढच्या दोन्ही कानबाईंना तो आला नाही. पहिल्या वर्षी पायामुळे, दुसऱ्या वर्षी का ते मी विचारलं नाही. त्या दोन्ही वर्षी मी त्याच्या आणि पोराच्या नावानं भरभरून दोन-दोन, तीन-तीन मुठी टाकल्या. रोट घराण्याबाहेर द्यायचे नसतात, घरच्यांनीच संपवायचे असतात, त्यामुळे पीठ उरत गेलं. बुधवारपर्यंत पुरणपोळ्या खाऊन ह्यांनी शेवटी विचारलं, "घराण्यात कोणी नवीन जन्मलंय का?"

गेल्या भाद्रपदात आमच्या शेजारच्या मारवाडी वहिनी आल्या. त्यांची आमच्या कॉलनीत कापडाची दुकानं, मूळ राजस्थानातले, पण वहिनींचा जन्म इथलाच. आमचं वर्षभर गच्चीवरच्या पाण्यावरून वाजत असतं. त्यांची टाकी भरून वाहते आणि माझे वाळवणाचे पापड भिजतात. पण जैनांच्या संवत्सरीच्या दिवशी त्या न चुकता येतात, हात जोडतात, "मिच्छामि दुक्कडम, भाभी" म्हणतात. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा. मी दरवर्षी "अहो, असं काय" म्हणून चहा टाकते आणि आठवड्यात टाकी पुन्हा वाहते.

त्या दिवशी मात्र मी विचारलं, "तुम्हाला लाज नाही वाटत हो, दारोदार माफी मागायला?"

त्या हसल्या. "वाटते ना. म्हणून आधी घरात आरशासमोर उभी राहते. पहिली माफी स्वतःला देते, मग चप्पल घालते."

"स्वतःला कशाला?"

"स्वतःवर चिडलेला माणूस दुसऱ्याच्या दारात गेला ना भाभी, तर माफी मागत नाही. भांडून येतो." चहा संपवून त्या पुढच्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी बेसिनवरच्या आरशासमोर मी उभी राहिले. हे फिरायला गेले आहेत याची खात्री करून घेतली. म्हटलं, "झालं ते झालं, बाई." आरशातली बाई माझ्याकडे अशी बघत होती, जशी मी कॉपी करणाऱ्या मुलांकडे बघायची. मी दिवा मालवला. पण एक गोष्ट लक्षात आली. त्या बाईच्या डोळ्यांत भाऊ नव्हता, त्याची मूठही नव्हती. तिथे एक दुपार होती, खुर्चीत बसलेल्या अक्का होत्या, आणि मान वर न करणारी मी होते. तिथून सगळं सुरू झालं होतं. त्या मान वर न करणाऱ्या बाईला मी सोडायला तयार नव्हते, म्हणून भाऊलाही सोडत नव्हते.

एवढं कळलं, म्हणून काही सुटलं नाही. कळण्याला माझ्याकडे कधीच तोटा नव्हता.

या वर्षी मे महिन्यात मी निवृत्त झाले. श्रावणात एके दिवशी हे पेपर वाचता वाचता, पेपरातून तोंड न काढता म्हणाले, "तो शनिवारीच येतोय." मी दोनदा भाजीत मीठ घातलं.

शनिवारी दुपारी गावच्या घरी ओसरीवर फडकं अंथरलं, सूप घेतलं, गव्हाची कोठी ओढली. घर दहा महिने बंद असतं, त्यामुळे चुन्याचा वास येत होता. आत चुलत जाऊबाई गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, चिरत होत्या. अंगणात काठीचा आवाज आला. मी वर पाहिलं नाही. भाऊ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला, उजवा पाय सरळ समोर ठेवला, काठी भिंतीला लावली. केस बरेच पांढरे झाले होते. एवढं सगळं मी वर न पाहता पाहिलं.

मी मोजायला सुरुवात केली. सगळ्यात म्हाताऱ्या चुलत सासऱ्यांचं नाव, मूठ, चिमूट. मग त्यांचे मुलगे. मग हे. आणि मग हात कोठीत गेला तो तिथेच राहिला. नाव तोंडातून निघेना. दाणे मुठीत घट्ट धरून मी बसून राहिले.

"काय व्हयनं, वहिनी?" भाऊ हसत म्हणाला. "मनं नाव इसरी गई का?"

माझा बांध फुटला. "इसरनू नही, भाऊ. गाळं." आणि मग सगळंच बाहेर आलं. तीन वरीस पहिले मी तुनी मूठ टाकीच नही. तुनी बी नही, पोऱ्यानी बी नही. तू समोर बसीसन जेवना आणि मी वाढी राहिंती. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी अहिराणीत रडत होते. आयुष्यात पहिल्यांदा.

आत चिरण्याचा आवाज थांबला होता. मी त्याच्या पायाकडे बोट केलं आणि म्हटलं, "हाऊ पाय..."

"पाय?" तो एकदम म्हणाला. "पाय त्या टेम्पोवालानी मोडा. तू सायन्सनी मास्तरीन ना वं?"

मला वाटलं, आता हसेल आणि सगळं उडवून लावेल. तो हसला नाही. "पन मूठ टाकी नही, हाई वाईट करं, वहिनी," तो म्हणाला. "माले वाईट वाटनं."

त्याचं ते बोलणं मला फार बरं वाटलं, हे कसं सांगू? "जाऊ दे गं" म्हणाला असता तर माझं ओझं माझ्याकडेच राहिलं असतं. त्यानं ते हातात घेऊन, त्याचं वजन बघून, मग खाली ठेवलं.

मग लिंबाकडे बघत म्हणाला, "त्या दिनले मी जे बोलनू ना, अक्काले कोन्ही लई गयं नही..."

"खरंच होतं ते," मी म्हटलं. "माझ्याकडेच होत्या त्या. मला पेपर..."

"तुले नही बोलनू मी," तो म्हणाला. "दिवाळीमा ती माले पहिले सांगे. तवय तुनाजवळ पेपर बी नही व्हतात. मी गाडी लईसन उनेल व्हतू. मी सांगं, उन्हायामा दखू." त्यानं काठी हातात घेतली. "मी मालेच बोलनू ते. बठ्ठासमोर बोलनू, म्हणजे कोन्ही तरी माले मारी."

म्हणजे दिवाळीत गाडी दारात उभी होती आणि तो उन्हाळ्यात बघू म्हणाला होता. चार वर्षं आम्ही दोघं एकाच गोष्टीसाठी स्वतःला मारत बसलो होतो, आणि प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्यानं मारलं. अक्का असत्या तर दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा घालून मोकळ्या झाल्या असत्या. त्यांनी आमच्यावर राग धरला नव्हता. मी "खूप आहेत हो" म्हटल्यावर त्या काय म्हणाल्या होत्या, तेही मला त्या क्षणी आठवलं. इतकी वर्षं आठवलंच नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, "मंग च्या करू का तुले?" कंबर धरून उठल्याही होत्या. मीच त्यांना बसवलं होतं.

हे मी भाऊला सांगितलं. तो डोळे पुसत म्हणाला, "तिना च्यामा साखर जास्त व्हये." आणि मग आम्ही दोघंही हसलो.

"टाक आते," तो म्हणाला. "मना समोर टाक."

मी त्याचं नाव घेतलं, मोठ्यानं, आत जावेला ऐकू जाईल असं. मूठ सोडली, चिमूट सोडली. त्याच्या मुलाचं नाव घेतलं. पुढची नावं घेत गेले. एकविसावी मूठ पडली आणि मी सूप उचलायला हात घातला.

"थांब," भाऊ म्हणाला. खुर्चीवरून वाकून, तो सरळ पाय तसाच ठेवून, त्यानं कोठीत हात घातला. आमच्याकडे पुरुष गहू मोजत नाहीत. मी म्हटलं, "अरे, कोणाची राहिली?"

त्यानं माझं नाव घेतलं. मला सासरी आल्यापासून नावानं हाक मारणारं कोणी नव्हतं, सगळ्यांची मी वहिनी, काकू, नाहीतर बाई. त्याच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

"वेडा झालास का? बायांची मूठ नसते."

"कानबाई कोन शे?" तो म्हणाला. "बाईच शे ना?" आणि मूठ सोडली. मूठ मोठी होती, पुरुषाची. वर चिमूटही टाकली.

माझ्यातली मोठी बाई काही बोलणार होती. रीत मोडल्याचं, लोक काय म्हणतील याचं. पण मी सुपातल्या त्या दाण्यांकडे बघत राहिले. बाकीच्यांत ते कधीच मिसळले होते, माझे कुठले आणि त्याचे कुठले, आता सांगता आलं नसतं. मला वाटलं, ती लाल पेनवाली बाईही यातच आली. तिचीही मूठ पडली.

सुपात पडलेली मूठ परत काढायची नसते, हे मला अक्कांनी शिकवलं होतं. मी ती काढली नाही. सूप उचललं आणि गहू चक्कीवर पाठवला.